चिठ्ठीवरचं 'पोर्ट क्लांग'

सिंगापूरहून क्रूझ घेणार असाल आणि जहाज एक दिवस मलेशियात पोर्ट क्लांगला थांबणार असेल, तर उतरण्याआधी हे वाचा. आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर माझ्या जाऊबाईंवर, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, परक्या गावातल्या स्टेशनाबाहेर पावसात उभं राहून रडायची वेळ आली नसती.

आम्ही चौघं होतो. मी, हे, माझे मोठे दीर आणि जाऊबाई. डोंबिवलीहून निघालो, दोन दिवस सिंगापूर पाहिलं आणि तीन रात्रींच्या जहाजावर चढलो. भाऊजींच्या पंचाहत्तरीनिमित्त मुलांनी हा प्रवास दिला होता. जहाज सकाळी नऊला पोर्ट क्लांगला लागणार, संध्याकाळी साडेपाचपर्यंत सगळ्यांनी परत चढायचं आणि सहाला सुटायचं, असं खोलीत आलेल्या पत्रकावर छापलं होतं. मधल्या वेळात क्वालालंपूर बघून यायचं, हा बेत आम्ही घरूनच केला होता.

जहाजावरून सहली निघतात, पण त्यांचे दर डॉलरमध्ये आणि माणशी. चौघांचा हिशेब केल्यावर भाऊजी म्हणाले, "एवढे कशाला? खाली उतरून टॅक्सी करू." आम्हालाही ते पटलं. एक गोष्ट तेव्हा लक्षात घेतली नाही. जहाजाच्या सहलीची बस वाहतुकीत अडकली तर जहाज तिच्यासाठी थांबतं. स्वतःहून गेलेल्यांसाठी थांबत नाही. सहलीचे जे जादा पैसे घेतात, त्यातला मोठा भाग या हमीचा असतो. सहलच घ्या असं मी म्हणत नाही. पण ही हमी आपल्याला नाही, हे मनाशी धरूनच बाहेर पाऊल टाकायला हवं. आम्ही तसं केलं नाही, आणि आमची सगळी फसवणूक या एका गोष्टीवर उभी राहिली.

टर्मिनलच्या आत टॅक्सीचं काउंटर होतं. तिथे रांग होती आणि दर ऐकून आम्ही मागे फिरलो. बाहेर आलो तर गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक माणूस पुढे आला. त्याच्या हातात आमच्याच जहाजाचा फोटो असलेला, प्लॅस्टिक चढवलेला कागद होता. "नमस्ते," म्हणाला. मोडक्या हिंदीत आणि इंग्रजीत सांगू लागला की बटू केव्हज, ट्विन टॉवर, जाऊन-येऊन, एकशे साठ. मी विचारलं, "चौघांचे?" तो म्हणाला, "येस येस, फोर पीपल, नो प्रॉब्लेम."

हे वाक्य पुन्हा वाचा. आमच्या कानाला ते 'चौघांचे एकशे साठ' असं ऐकू आलं. त्याने तसं कुठेच म्हटलं नव्हतं. चौघं आहात, अडचण नाही, एवढंच तो म्हणाला होता.

मलेशियाचा रिंगिट तेव्हा साधारण 19 रुपयांना पडत होता. म्हणजे तीन हजार रुपयांत दिवसभर गाडी. स्वस्त वाटलं, पण शंका येण्याइतकं स्वस्त नाही. त्याने 80 रिंगिट विसार मागितला. मी म्हटलं, पावती द्या. मी टपाल खात्यात बत्तीस वर्षं काउंटरवर काढली आहेत, पावतीशिवाय पैसा हातावेगळा करायचा नाही ही हाडाची सवय. त्याने खिशातून छोटं पॅड काढलं, त्यावर लिहिलं आणि चिठ्ठी माझ्या हातात दिली. वरच्या ओळीत 'पोर्ट क्लांग – केएल – पोर्ट क्लांग', केएल म्हणजे क्वालालंपूर. खाली '160', पुढे तिरकी रेघ आणि तीन रोमन अक्षरं, ओ, आर, जी. त्याच्या खाली '80 पेड'. ती तीन अक्षरं मी वाचली. 'ओरिजिनल'चं काहीतरी असेल, मूळ प्रत वगैरे, असं समजले आणि चिठ्ठी पर्समध्ये ठेवली.

मलय भाषेत माणसाला 'ओरांग' म्हणतात. लिहिताना तिथले लोक ते या तीन अक्षरांत लिहितात. '160, तिरकी रेघ, ओआरजी' म्हणजे माणशी 160. आपण 'रु. 50/किलो' लिहितो, तसं. पावती मी मागून घेतली होती आणि फसवणूक त्या पावतीवरच लिहिलेली होती.

ज्याच्याशी बोलणं झालं तो गाडी चालवणार नव्हता. त्याने आम्हाला एका गाडीत बसवलं. चालवणारा वयस्क, अबोल माणूस. ठरवणारा एक आणि नेणारा दुसरा असला की काही बिनसल्यावर प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. बसण्याआधी चालवणाऱ्यासमोर सगळं पुन्हा बोलून घ्यायला हवं होतं. आम्ही घाईत होतो.

टर्मिनलपासून क्वालालंपूर शहर 60-65 किलोमीटर आहे. रस्ते उत्तम, दोन्ही बाजूंना तेलताडाची झाडं. टोलनाक्यांवर रोख चालत नाही, कार्ड टेकवून जायचं. त्यामुळे टोल किती झाला हे आपल्याला कळत नाही, हेही पुढे उपयोगी पडलं, अर्थात त्यांना. अकराच्या सुमारास गाडी एका चॉकलेटच्या दुकानासमोर थांबली. आम्ही काही सांगितलं नव्हतं. "फाइव्ह मिनिट, टॉयलेट," म्हणाला. आत सेल्सगर्लनी घेरलं, नातवंडांसाठी म्हणून हजारेक रुपयांची चॉकलेटं आम्ही कार्डाने घेतली, चाळीस मिनिटं गेली. मग बाटिक कापडाचं दुकान. तिथे पंचवीस मिनिटं. आमचा दिवसच सात-साडेसात तासांचा होता, त्यातला तासाहून जास्त वेळ दुकानांत गेला. त्या वेळी मला कमिशनचा राग आला होता. आता वाटतं, कमिशन हा वरचा फायदा होता. मुख्य काम दुपार सरवण्याचं होतं. वेळ हातात असलेला प्रवासी भांडतो, पोलिसांकडे जातो, दुसरी गाडी शोधतो. वेळ संपत आलेला प्रवासी पैसे काढतो.

बटू केव्हजला पोचलो तेव्हा पाऊण वाजला होता. चुनखडीच्या डोंगराच्या पायथ्याशी मुरुगनाची 42.7 मीटर उंच सोनेरी मूर्ती आणि बाजूने वर चढत गेलेल्या 272 रंगीत पायऱ्या. जाऊबाईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे वर जायचा प्रश्नच नव्हता. पण त्या मूर्तीकडेही नीट बघेनात. मुरुगन म्हणजे आपला कार्तिकस्वामी, आणि बायकांनी त्याचं दर्शन एरवी घ्यायचं नाही, कार्तिकी पौर्णिमेला कृत्तिका नक्षत्र असेल तेव्हाच घ्यायचं, असं त्यांच्या सासरी-माहेरी सगळीकडे पाळलेलं. समोर तमिळ बायका लेकरांना कडेवर घेऊन, डोक्यावर पिवळं चंदन लावून भराभरा चढत होत्या. जाऊबाई बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिल्या आणि मग हळूच मान वर करून मूर्तीला हात जोडले. त्या दिवसातलं एवढंच मला जसंच्या तसं जपून ठेवावंसं वाटतं.

तिथून निघताना चालक म्हणाला, बॅग डिकीत ठेवा, सेफ. जाऊबाईंची औषधं, इन्शुलिनची पेटी, घडीची काठी आणि आम्हा चौघांचे पासपोर्ट त्या एका बॅगेत होते. खांद्याला ओझं नको म्हणून ठेवली. ही आमची सगळ्यात मोठी चूक. पासपोर्ट आणि औषधं अंगावर हवीत, गाडीत नाही, मग गाडी कुणाचीही असो.

ट्विन टॉवर पाहून, म्हणजे खालून फोटो काढून, पावणेतीनला ठरलेल्या जागी आलो. गाडी होती. शेजारी सकाळचा तो माणूसही उभा होता, शहरात कधी आला कोण जाणे. आम्ही दार उघडायला गेलो तर त्याने दारावर हात ठेवला. "फर्स्ट पेमेंट."

हे म्हणाले, उरलेले 80 पोचल्यावर देऊ. त्याने फोनवर हिशेब करून दाखवला. 160 गुणिले 4, 640. त्यातून 80 वजा, 560. वर टोल आणि थांबल्याचे 40. सहाशे रिंगिट. मी चिठ्ठी काढली. त्याने त्याच चिठ्ठीवरच्या तीन अक्षरांवर बोट ठेवलं आणि शांतपणे म्हणाला, "ओरांग. पर्सन."

भाऊजी चिडले. पोलिसांना बोलावतो म्हणाले. त्यावर तो माणूस जे बोलला ते मी विसरणार नाही. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. घड्याळ पुढे करून म्हणाला, "कॉल पोलीस. पोलीस कम, रिपोर्ट राइट, टू अवर. युवर शिप फाइव्ह थर्टी." मग आकाशाकडे बघून, "रेन. जॅम."

खरोखर पाऊस सुरू झाला होता. तीन वाजत आले होते. बॅग डिकीत होती. आमच्याकडे सिंगापुरात घेतलेलं सिम होतं, ते सिंगापुरापुरतंच चालत होतं. जहाजाचं इंटरनेट जहाजावर. दुसरी गाडी बोलावणार कशी? जाऊबाई यांना म्हणाल्या, "भाऊजी, देऊन टाका, जहाज सुटलं तर आपण कुठे जायचं?" त्यांचा आवाज कापत होता. मग आमच्याकडूनच घासाघीस झाली आणि 500 वर मिटलं. यांनी पाकिटातून पन्नासाच्या दहा नोटा काढून माझ्याकडे दिल्या, मी मोजून त्याच्या हातात दिल्या. तो क्षणभर पाठ करून वळला आणि पुन्हा आमच्याकडे वळून नोटांचा पंखा उघडला. त्यात एक नोट पाचाची होती. "मॅडम, मिस्टेक. फॉर्टी फाइव्ह मोर."

इथे मात्र मी हलले नाही. मलेशियाच्या एक आणि पाच रिंगिटच्या नोटा प्लॅस्टिकच्या असतात, बोटाला गुळगुळीत लागतात आणि त्यांना आरपार दिसणारी छोटी खिडकी असते. पन्नासाची नोट कागदी असते. पाच आणि पन्नास दोन्हींचा रंग हिरवट, त्यामुळे नवख्याची नजर फसते. पण मी नोटा नजरेने मोजत नाही. बत्तीस वर्षं बोटांनी मोजल्या आहेत आणि माझ्या बोटांखालून त्या दिवशी दहाही नोटा कागदाच्या गेल्या होत्या. मी त्याला मराठीतच म्हटलं, "ही नोट मी दिलेली नाही. माझ्या हातातून प्लॅस्टिक गेलेलं नाही." त्याला शब्द कळले नसतील. त्याने माझ्याकडे पाहिलं, पाचाची नोट खिशात घातली आणि दारावरचा हात काढला.

वाटलं, सुटलो. दीड तास पावसातून गाडी रांगत राहिली. कुणी कुणाशी बोललं नाही. सव्वाचार-साडेचारला गाडी थांबली, चालकाने डिकी उघडून बॅग खाली ठेवली आणि म्हणाला, "पोर्ट क्लांग. फिनिश."

समोर रेल्वे स्टेशन होतं. पाटी 'पेलाबुहान क्लांग'. पलीकडे होड्यांचा धक्का. आमचं जहाज बारा-तेरा मजल्यांचं, ते कुठेही दिसत नव्हतं.

ही गोष्ट समजून घ्या, कारण ती नकाशावर पटकन लक्षात येत नाही. पोर्ट क्लांग हे गावही आहे आणि अख्ख्या बंदराचं नावही. इंग्रजांनी 1901 मध्ये इथे बंदर उघडलं तेव्हा ते पोर्ट स्वेटनहॅम होतं, 1972 मध्ये त्याचं पोर्ट क्लांग झालं. क्वालालंपूरहून येणारा रेल्वेचा फाटा या जुन्या बंदरावर येऊन संपतो, आणि शेजारच्या धक्क्यावरून पुलाउ केताम बेटाकडे होड्या सुटतात. क्रूझची जहाजं इथे लागत नाहीत. ती पुलाउ इंदाह या दुसऱ्या बेटावरच्या टर्मिनलला लागतात. बेटावर पुलावरून जावं लागतं आणि गावातून रस्त्याने ते अंतर 20-25 किलोमीटर आहे. चालत जाण्याचा विचारही करू नका. दोन्हींचा पत्ता 'पोर्ट क्लांग'च. आमच्या चिठ्ठीवर पोर्ट क्लांग लिहिलं होतं आणि त्याने पोर्ट क्लांगला सोडलं.

"टर्मिनल, सिक्स्टी मोर," चालक म्हणाला. दिवसभरात तो एवढं पहिल्यांदाच बोलला. यांच्या पाकिटात 20 रिंगिट उरले होते. ते बघून त्याने खांदे उडवले, गाडीत बसला आणि गेला. तेव्हा जाऊबाईंचा बांध फुटला. काठी धरून, पत्र्याच्या शेडच्या कडेला, अर्ध्या पावसात उभ्या राहून त्या रडायला लागल्या आणि भाऊजी त्यांना म्हणत राहिले, "अगं, आहे वेळ, आहे वेळ." वेळ जेमतेम तासाभराचा होता.

स्टेशनातून बाहेर पडणारी एक तमिळ मुलगी थांबली. पंचविशीची असेल, गळ्यात कुठल्याशा ऑफिसचं कार्ड. जाऊबाईंचा हात धरून तिने त्यांना आत बाकावर बसवलं आणि "व्हॉट हॅपन्ड, आंटी?" विचारलं. मी चिठ्ठी दाखवली. ती वाचून तिने मान हलवली, एवढंच. फोन काढला, ग्रॅब या टॅक्सी बोलवायच्या ॲपवर टर्मिनल टाकलं. 24 रिंगिट. गाडी सहा मिनिटांत आली. मी 20 रिंगिट आणि सिंगापूरची दोन डॉलरची नोट पुढे केली. तिने ती मुकाट्याने घेतली, उगाच नको-नको करून आम्हाला मिंधं केलं नाही, हेही मला मनापासून आवडलं. चालकाशी मलयमध्ये बोलून त्याला नीट पत्ता समजावला. पाच वाजून दहा मिनिटांनी आम्ही टर्मिनलच्या दारात होतो.

गेले किती? विसार 80, वर 500. चौघांचे 580 रिंगिट, अकरा हजार रुपये. जहाजाची सहल घेतली असती तर याहून थोडे जास्त गेले असते आणि दिवस सुखाचा गेला असता.

त्या मुलीने गाडीची वाट बघताना जे सांगितलं ते इथे लिहिते, कारण ते तिथल्या माणसाचं सांगणं आहे. ग्रॅबवर भाडं आधी दिसतं आणि ते गाडीमागे असतं, माणशी कधीच नाही. टोल वेगळा लागतो. पैसे रोखही देता येतात. त्यासाठी मलेशियात चालणारं सिम हवं, आणि ॲप भारतातूनच टाकून, आपल्या नंबरावर सुरू करून न्यायला हवं. उक्तं भाडं ठरवायचंच झालं तर तीन शब्द पाठ करा. 'सातू करेता' म्हणजे एक गाडी, 'सेमुआ' म्हणजे सगळे मिळून, 'पेर्गी बालिक' म्हणजे जाऊन-येऊन. चिठ्ठीवर हे शब्द समोरच्याकडून लिहून घ्या. आणि ठिकाण लिहिताना नुसतं पोर्ट क्लांग नको, पुलाउ इंदाहचं क्रूझ टर्मिनल असं पूर्ण. माझी पुस्ती एवढीच, की गाडीच्या नंबराचा फोटो बसायच्या आधी, त्यांच्या देखत काढा. मी काढला नव्हता, म्हणून तक्रार करायला माझ्याकडे काही उरलं नाही.

गुडघे धड असतील तर गाडी फक्त टर्मिनलपासून या पेलाबुहान क्लांग स्टेशनापर्यंत करा. तिथून केटीएम कोम्युटर, म्हणजे तिथल्या रेल्वेची लोकल, थेट क्वालालंपूरच्या केएल सेंट्रल स्टेशनला जाते, सव्वा तासाच्या आसपास, भाडं पाच रिंगिटच्या घरात. गाडीत बायकांचा गुलाबी डबा असतो, आपल्या लेडीजसारखा. बटू केव्हजच्या दाराशीही कोम्युटरचं स्टेशन आहे, केएल सेंट्रलला गाडी बदलायची. पण डोंबिवलीसारखी दर चार मिनिटांनी लोकल नसते. परतीच्या दोन गाड्यांच्या वेळा सकाळी उतरल्या उतरल्या लिहून घ्या आणि त्यांतली आधीची पकडा. केएल सोडायची वेळ मी तरी आता दुपारी दोनची धरीन, पुढे काहीही बघायचं राहिलं तरी.

दुसऱ्या दिवशी जहाज फुकेतला लागलं. आम्ही तिघं तास-दीड तास किनाऱ्यावर फिरून आलो. जाऊबाई उतरल्या नाहीत. डेकवरच्या खुर्चीत पासपोर्टची बॅग मांडीवर घेऊन बसल्या होत्या, आणि आम्ही परत दिसेपर्यंत तिथेच होत्या.